स्लो कुकरमधले फळ भरलेले वाटी-केक : बरेच महिने वापरल्यानंतर

स्लो कुकरमध्ये केक होतो का, असं कुणी विचारलं तर 'होतो' हेच उत्तर आहे. पण भांडंभर एकच मोठा केक लावणं आणि एकेकाला पुरतील असे छोटे केक वाट्यांमध्ये लावणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोठा केक मला कधीच मनासारखा वाटला नाही. वाट्यांमधले केक मात्र कित्येक महिने सातत्याने करते आहे, आणि आता ओव्हन मोकळा असला तरी फळाचं सारण भरलेले केक मी कुकरमध्येच लावते.

आधी यंत्राविषयी थोडं. स्लो कुकर म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं; ते मुळात कडधान्यं शिजवायला जन्माला आलं. इरव्हिंग नॅक्सन या अमेरिकी संशोधकाला १९४० मध्ये त्याचं पेटंट मिळालं आणि त्याच्या यंत्राचं नावच 'बीनरी' होतं. पुढे १९७१ मध्ये रायव्हल कंपनीने तेच सुधारून 'क्रॉक-पॉट' म्हणून बाजारात आणलं. हा इतिहास मी उगाच सांगत नाही. मंद आच, जड भांडं आणि घट्ट झाकण ही सगळी रचना एका गोष्टीसाठी आहे : आतलं पाणी आतच राहावं. वाफ झाकणाला लागते, थेंब होतात आणि परत खाली पडतात. कडधान्याला हे वरदान आहे, केकच्या मात्र मुळावर उठतं. त्यामुळे या यंत्रात केक करायचा म्हणजे सगळं लक्ष पाण्याकडे ठेवायचं. झाकणाचं पाणी, फळाचं पाणी आणि भांड्याच्या तळाशी आपण घालतो ते पाणी, ही तिन्ही आटोक्यात ठेवली की केक छान होतो.

झाकणापासून सुरुवात करते, कारण तिथेच बहुतेकांचा केक बिघडतो. जाड सुती नॅपकिन दुहेरी करून भांड्याच्या तोंडावर ताणून ठेवायचा आणि त्यावर झाकण दाबून बसवायचं. नॅपकिनची चारही टोकं वर घेऊन झाकणाच्या मुठीवर गाठ मारायची. ती खाली लोंबली तर तापलेल्या बाहेरच्या भागाला लागतात, ते धोक्याचं आहे. तासाभराने झाकण उचललंत तर नॅपकिनच्या मधोमध मोठा ओला गोल दिसेल, बोटाने दाबलं तर पाणी सुटेल. तेवढं सगळं पाणी एरवी केकवर पडलं असतं. नॅपकिनशिवाय केलेल्या केकचा वरचा भाग चिकट, खळगे पडलेला आणि फिकट होतो, सालीसारखा सुटून येतो. नॅपकिन असला की तोच भाग कोरडा आणि मऊ राहतो, बोट लावलं तर बोटाला काही लागत नाही. काही जण झाकणाखाली लाकडी चमचा अडकवून फट ठेवतात. त्याने वाफ जाते खरी, पण उष्णताही जाते आणि वेळ फार वाढतो. मला तो उपाय पटलेला नाही.

माझा कुकर साधारण ६ लिटरचा, लांबट आकाराचा आहे. त्यात १८० मिलिलिटरच्या सिरॅमिकच्या चार वाट्या सपाट बसतात. पाचवी तिरकी बसते, म्हणून चारच. जाड काचेच्या, उष्णता सोसणाऱ्या वाट्याही चालतात. सिलिकॉनचे कप चालतात, पण मिश्रणाच्या वजनाने त्यांचं पोट सुटतं आणि केक बेढब होतो. कागदी कप तर दमट हवेत लोळागोळा होतात, त्यांच्या वाटेला जाऊच नका. आणि कुठलंही भांडं घट्ट झाकणाचं नको. बंद बरणीत वाफ कोंडली की ती फुटू शकते.

तळाशी सेंटीमीटरभर गरम पाणी घालते. पाण्यामुळे चारही वाट्यांना सारखी आच लागते. नुसत्या कोरड्या भांड्यात वाटीची भिंतीकडची बाजू आधी शिजते आणि मधली मागे राहते. पाणी गरमच हवं, कारण तापलेल्या सिरॅमिकवर गार पाणी पडलं तर तडा जातो. पाणी घालून, झाकण लावून कुकर 'हाय'वर वीस-पंचवीस मिनिटं ठेवते आणि तेवढ्यात मिश्रण तयार करते. रिकामं भांडं तापवू नका असं अनेक माहितीपुस्तिकांत बजावलेलं असतं, त्यामुळे पाण्यासकट तापवणंच बरं.

'लो'वर केक करू नका. बहुतेक कुकरमध्ये 'लो' आणि 'हाय' दोन्हींवर शेवटचं तापमान जवळजवळ सारखंच, पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या आसपास येतं. फरक असतो तो तिथे पोहोचायला लागणाऱ्या वेळाचा, आणि केकला तोच वेळ महत्त्वाचा असतो. बेकिंग पावडरचे बुडबुडे सुटायला लागले की ते पळून जाण्याआधी अंडं आणि मैद्यातला स्टार्च घट्ट व्हायला हवा. 'लो'वर लोणी आधी वितळतं, मिश्रण सैल पडतं, हवा निघून जाते आणि हाती दडस, बुटका केक येतो. मोठ्या केकचंही हेच दुखणं आहे. आच मुख्यतः भिंतीतून येते, ती मध्यापर्यंत पोहोचेस्तोवर कडा कोरड्या पडतात आणि मधला भाग कच्चट राहतो. वाटीत मध्य काठापासून बोटभर-दोन बोटं अंतरावर असतो, म्हणून हा प्रश्नच येत नाही.

चार वाट्यांसाठी माझं प्रमाण असं आहे : १०० ग्रॅम मैदा, ८० ग्रॅम मऊ बटर, ८० ग्रॅम साखर, दोन अंडी, एक सपाट छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि एक मोठा चमचा दूध. बटर आणि साखर फिकी पडेपर्यंत फेटायची, अंडी एकेक करून घालायची, मग मैदा हलक्या हाताने मिसळायचा. मिश्रण चमच्यावरून जड थेंबासारखं सावकाश पडलं पाहिजे. ते धारेसारखं वाहत असेल तर सारण खाली बसणारच. फळं मैद्यात घोळवून घातली की बुडत नाहीत असं सर्रास सांगितलं जातं. त्याने थोडा फायदा होतो, पण खरा आधार मिश्रणाच्या घट्टपणाचा असतो. वाटीला बटर लावून तळाशी बटर पेपरची गोल चकती टाकते, नाहीतर केक उलटवताना खालचा भाग वाटीतच राहतो.

आता फळं. इथे मात्र सावकाश वाचा, कारण सगळी मजा आणि सगळी डोकेदुखी इथेच आहे.

ओव्हनमध्ये फळाचं पाणी बरंचसं उडून जातं. कुकरमध्ये ते जायला वाटच नसते. म्हणून कच्चं रसाळ फळ चिरून थेट मिश्रणात घातलं की त्याच्याभोवती ओलसर, चिकट पट्टा तयार होतो. आधी शिजवून घट्ट केलेलं सारण घालावं, या मतावर मी आता ठाम आहे. एक मध्यम सफरचंद सोलून बारीक तुकडे करायचे, त्यात मोठा चमचाभर साखर आणि छोटा चमचाभर लिंबाचा रस घालून मंद आचेवर ठेवायचं. तुकडे पारदर्शक दिसायला लागले आणि पाणी सुटलं की छोटा चमचाभर कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात कालवून ओतायचं आणि रटरट उकळी येऊ द्यायची. उकळी आल्याशिवाय कॉर्नफ्लोअर नीट आळत नाही आणि त्याचा कच्चा वासही जात नाही. पातेल्याच्या तळावरून चमचा ओढल्यावर मागे राहणारी रेघ क्षणभर तशीच राहिली की सारण झालं. ते पूर्ण गार करायचं, गरम घातलं तर आजूबाजूचं बटर आधीच वितळतं.

वाटीत आधी दोन मोठे चमचे मिश्रण घालून मध्ये चमच्याच्या पाठीने खळगा करायचा. त्यात सारण ठेवायचं, पण काठाला लागू द्यायचं नाही, आणि वरून उरलेल्या मिश्रणाने झाकायचं. वाटी दोन-तृतीयांश भरली की थांबायचं. सारण काठाला टेकलं तर तिथून रस झिरपतो आणि केक उलटवताना तिथेच फाटतो.

सफरचंद आणि पेअर सगळ्यात भरवशाची. चेरी उत्तम, फक्त बिया काढून रस आटवायला हवा. स्ट्रॉबेरी पाण्याने भरलेली असते. तिच्यावर साखर पेरून अर्धा तास ठेवायची, सुटलेला रस गाळून घ्यायचा, फक्त तुकड्यांचं सारण करायचं. रस वेगळा आटवून आयत्या वेळी केकवर घालायचा, फार सुंदर लागतो. फ्रोझन बेरी थेट मिश्रणात टाकू नयेत. त्या मिश्रण गार करतात आणि वितळताना पाणीही सोडतात, पण सारणासाठी अगदी योग्य. बेदाणे किंवा सुकी जर्दाळू घालायची असतील तर आधी भिजवून निथळून घ्या. कोरडीच घातली तर मिश्रणातला ओलावा ती शोषून घेतात आणि तेवढ्या भागात केक कोरडा पडतो.

ब्लूबेरीबद्दल वेगळं सांगायला हवं. केक कापल्यावर बेरीभोवती हिरवट-निळी कडा दिसली तर घाबरू नका, ते खराब झालेलं नसतं. ब्लूबेरीतली अँथोसायनिन ही रंगद्रव्यं आंबट माध्यमात लालसर राहतात आणि अल्कधर्मी माध्यमात निळी-हिरवी होतात. बिनअंड्याच्या केकमध्ये दही आणि खाण्याचा सोडा घालतात. त्यात सोडा गरजेपेक्षा जास्त झाला की हा रंग येतो. सोडा मोजून घालावा, सारणात लिंबू पिळावं, की जांभळा रंग टिकतो.

वेळ माझ्याकडे साधारण सव्वा ते दीड तास लागतो. सारण जास्त असेल तर आणखी थोडा. पहिला तासभर झाकण अजिबात उघडू नका. एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला बराच वेळ लागतो, आणि अर्धवट फुगलेला केक तेवढ्यात बसतो. तासानंतर एकदाच उघडून ओला नॅपकिन काढायचा, कोरडा लावायचा आणि तेव्हाच केककडे बघून घ्यायचं. टूथपिक मधोमध खुपसाल तर ती सारणाने ओलीच निघणार आणि काहीच कळणार नाही. ती काठ आणि सारण यांच्या मधल्या भागात घालावी. अन्न तपासायचा थर्मामीटर असेल तर उत्तम, केकच्या भागात ९६ अंश सेल्सिअस आलं की झाला. मग 'वॉर्म'वर ठेवू नका, लगेच बाहेर काढा. त्या दमट उबेत तो हळूहळू चिवट होतो. वाट्या काढताना चिमटा वापरा आणि दहा मिनिटांनी उलटवा.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. केकला सोनेरी रंग येत नाही. तो रंग आणि खमंग वास यायला केकचा पृष्ठभाग कोरडा होऊन शंभर अंशांच्या बराच वर जावा लागतो, ते इथे होणं शक्य नाही. पांढऱ्या साखरेऐवजी ब्राउन शुगर आणि थोडी दालचिनी घातली की रूप आणि चव दोन्ही सुधारतात. वाट्या ग्रिलखाली चालणाऱ्या असतील तर वरून साखर भुरभुरून दोन-तीन मिनिटं ग्रिल करावं, पण तिथून हलू नये. आणि एका वेळी चारच केक होतात. जास्त माणसं असतील तर हा मार्ग नाही, तिथे ओव्हनच बरा.

विजेचं म्हणाल, तर या आकाराचे कुकर 'हाय'वर साधारण २५० ते ३०० वॅट घेतात, म्हणजे दीड तासाला अर्ध्या युनिटच्या आतच. ओव्हन २००० वॅटचा असला तरी तो सतत पेटलेला नसतो, त्यामुळे तुलना इतकी सरळ नाही. पण चार वाट्यांसाठी मोठा ओव्हन तापवणं माझ्या मनाला पटत नाही, आणि उकाड्यात स्वयंपाकघर तापत नाही हे सुख वेगळंच.

इतक्या महिन्यांत कुकरमध्ये दोन फरक दिसले. भांड्याच्या तळाशी पाण्याच्या क्षारांचं पांढरं वर्तुळ धरतं. व्हिनेगर घातलेलं कोमट पाणी अर्धा तास ठेवलं की ते निघतं. दुसरं, झाकणाला रबरी कडा असेल तर तिच्यात कांदा-लसणाचा वास मुरतो आणि तो केकमध्ये अगदी स्पष्ट जाणवतो. माझ्या झाकणाची कडा सुटी होते, म्हणून केकसाठी मी वेगळी ठेवली आहे. न निघणारी असेल तर नुसत्या काचेच्या झाकणाचा कुकर घ्या. शिवाय माझ्या कुकरची एक बाजू जास्त तापते. नॅपकिन बदलतानाच त्या बाजूच्या वाट्या पलीकडे सरकवते, तेवढं पुरतं.

उरलेले केक दुसऱ्या दिवसापर्यंत डब्यात चांगले राहतात, त्यापुढे फळामुळे फ्रिजमध्येच ठेवावेत. फ्रिजमध्ये बटर घट्ट होऊन केक कडक लागतो, पण मायक्रोवेव्हमध्ये पंधरा-वीस सेकंद गरम केला की पुन्हा मऊ होतो. सफरचंदाचा केक तर मला दुसऱ्या दिवशीच जास्त आवडतो, दालचिनी तोवर छान मुरलेली असते. स्ट्रॉबेरीचं सारण मात्र कितीही आटवलं तरी दुसऱ्या दिवशी थोडं पाणी सोडतं, त्यामुळे ते केक करते त्याच दिवशी संपवायचे.