अडीच तारे, तेही हलकेपणाचे

नाव घेत नाही, पण परदेशात जन्मलेलं छोट्या व्हिडिओंचं एक ॲप मराठीत आलंय. भाषा बदलून महिनाभर वापरलं. इतरांची भाषांतरं तपासणं हाच माझा धंदा, त्यामुळे नजर जरा खवचट आहे, हे आधीच सांगते.

ॲप हलकं आहे, त्याचे पूर्ण गुण. माझ्या जुन्या फोनवर कुठे अडखळलं नाही. नव्या देशांत शिरायचं तर हे लागतंच. फेसबुकने २०१५मध्ये ‘लाइट’ आणलं, तेव्हा ते १ एमबीच्याही आत होतं आणि रखडणाऱ्या २जी नेटवर्कवर चालावं म्हणूनच बनवलेलं होतं.

मराठीची मात्र पार वाट लावलीय. पहिल्याच दिवशी सूचना आली: ‘रोहिणी ने तुमचा व्हिडिओ आवडला’. अहो, आवडायला ‘ला’ लागतो, आणि तोही नावाला चिकटून! इंग्रजी वाक्यातली रिकामी जागा तशीच ठेवलीय. नाव तिथे येऊन बसतं आणि प्रत्यय बिचारा बाजूला ताटकळत उभा. बहिणीने फॉलो केलं, तर ‘तो तुम्हाला फॉलो करत आहे’. एका बटणावर ‘प्रकाशित क…’ एवढंच मावलंय. ‘टाका’ लिहिलं असतं तरी भागलं असतं की.

भाषेकडे बघायचंच म्हटलं, तर बघता येतं. ट्विटरने २०१७मध्ये १४० अक्षरांची मर्यादा २८० केली, पण जपानी, चिनी आणि कोरियनला वगळून, कारण या भाषांत थोड्या अक्षरांत जास्त मावतं. इंग्रजीतली ९ टक्के ट्विट्स मर्यादेला जाऊन टेकत होती, जपानीतली जेमतेम ०.४ टक्के. फेसबुकने २००८मध्ये स्पॅनिशपासून सुरुवात करून भाषांतर वापरणाऱ्यांकडूनच करून घेतलं. फुकटात राबवून घेतलं म्हणून मी तेव्हा नाक मुरडलं होतं. पण निदान शब्द ती भाषा रोज बोलणाऱ्यांचे होते. इथे चूक कळवायलाही जागा नाही.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण एका बाईच्या व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘पत्ता मिळालाय, घरी येऊन सत्कार करतो तुझा.’ मराठी माणसाला यातला ‘सत्कार’ समजावून सांगावा लागत नाही. मी तक्रार केली. चार मिनिटांत उत्तर आलं, तेही इंग्रजीत: नियमभंग आढळला नाही. अर्थ समजावून सांगावा म्हटलं, तर लिहायला रकानाच नाही. तयार कारणांतलं एक निवडा आणि गप्प बसा.

बटणं मराठीत करायला पैसे मिळतात, मराठी कळणारी माणसं नेमायला मिळत नाहीत. म्यानमारमध्ये हेच घडलं होतं. फेसबुक तिथे घराघरांत पोचलं, पण द्वेषाच्या पोस्ट तपासायला बर्मी जाणणारे लोक फारच थोडे होते. त्यात तिथल्या बहुतेक फोनवर युनिकोड या जगभरच्या प्रमाण पद्धतीऐवजी झॉजी हा तिथला वेगळाच फाँट, त्यामुळे यंत्रालाही मजकूर धड वाचता येईना. हिंसेला चिथावणी देण्यासाठी आपला वापर होत असताना आपण पुरेसं काही केलं नाही, हे कंपनीने २०१८मध्ये कबूल केलं.

आज सकाळी पुन्हा पाहिलं. तो ‘सत्कार’ अजून तिथेच आहे. खाली लिहिलंय, ‘४१ लोक ने आवडले’.