जुन्या डेस्कटॉपला रॅम वाढवायची, एसएसडी टाकायची की मशीनच बदलायचं?

पैशाचं नंतर बोलू, पहिले कॅबिनेटचं साईडचं झाकण काढा आणि मदरबोर्डावर काय छापलंय ते बघा, जी३१, जी४१ की एच६१ (ही इंटेलच्या चिपसेटची, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपची नावं). आपल्याकडे जळगाव, धुळे, चोपडा, शिरपूर साईडला ऑनलाईन फॉर्मवाले, झेरॉक्सवाले, रावेरकडची केळीच्या व्यापाऱ्यांची ऑफिसं, यांच्या टेबलाखाली जी असेंबल मशीनं पडलेली असतात त्यात माझ्या बघण्यात तरी हेच तीन बोर्ड जास्त निघतात. झाकण काढायचा कंटाळा असेल तर सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, त्यात बोर्डाचं नाव, किती रॅम, कोणत्या स्पीडची, सगळं दिसतं. रॅम घ्यायची का नाही हे या एका नावावर ठरतं, आणि लोक नेमकं तेच न बघता दुकानात जाऊन "४ जीबी द्या" म्हणतात.

जी३१ असेल तर विषय संपला. डीडीआर२, म्हणजे रॅमची जुनी पिढी, तीपण जास्तीत जास्त ४ जीबी. यात एक रुपया टाकू नका.

जी४१ आणि एच६१ मध्ये मात्र खरी गंमत आहे, कारण दोन्हीत बऱ्याचदा डीडीआर३च लागते, खाचा सारख्याच, स्टिक दोन्हीत बसते, त्यामुळे वाटतं की एकाची रॅम दुसऱ्यात सहज चालेल. एच६१ ची जी४१ मध्ये चालेलच असं नाही. जी४१ चा चिपसेट २ गिगाबिटच्या (२५६ एमबीच्या) वरच्या चिपा ओळखत नाही, म्हणजे ४ जीबीच्या स्टिकवर दोन्ही बाजू मिळून १६ काळ्या चिपा पाहिजेत. आजकाल जी ४ जीबीची स्टिक मिळते तिच्यावर बहुतेक वेळा एकाच बाजूला ८ चिपा असतात, ती लावली की एकतर नुसतं बीप बीप नाहीतर अर्धीच रॅम दिसते, आणि दुकानदार म्हणतो बोर्ड गेला. बोर्डाला काही झालेलं नसतं. त्यात अजून एक भानगड, ऑनलाईन स्वस्तात ज्या "फक्त एएमडी साठी" वाल्या स्टिक मिळतात त्यांच्यावरही १६ चिपा असतात पण त्यांची रचना वेगळी, इंटेलच्या बोर्डावर त्या चालत नाहीत. म्हणून चिपा मोजून थांबू नका, लेबलवर २आर×८ (2Rx8) लिहिलंय का ते बघा. इतकं करूनही जी४१ ची हद्द ८ जीबी, म्हणजे ४ अधिक ४.

एच६१ याच्यापेक्षा बराच सरळ स्वभावाचा. दोन स्लॉट, १६ जीबीपर्यंत, एका बाजूच्या ८ चिपांची स्टिकपण चालते. १६०० स्पीडची स्टिक घेतली आणि प्रोसेसर दुसऱ्या जनरेशनचा आय३ असेल तर ती १३३३ वर चालेल, त्यात बिघाड काही नाही. १.३५ व्होल्टवाली, जिला डीडीआर३एल म्हणतात, तीपण १.५ वर चालायला बनवलेली असते. फक्त जुन्या सर्व्हरमधून काढलेली ईसीसी रजिस्टर्ड रॅम कोणी १६ जीबीच्या भावात गळ्यात मारत असेल तर हात जोडा, ती या दोन्ही बोर्डांवर चालत नाही.

आता रॅम लावली आणि डिस्प्लेच गेला तर काय. दोन्ही बोर्डांवर सुरुवात एकच, लाईटची पिन काढा, पॉवरचं बटण दोनचार वेळा दाबून उरलेला करंट जाऊ द्या, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावा, स्टिकचे सोनेरी दात कोरड्या खोडरबरने पुसा, स्लॉटमधली धूळ ब्रशने काढा (उन्हाळ्यात आपल्याकडे जी धूळ उडते ती कॅबिनेटमध्ये जाऊन गादीसारखी बसलेली असते), आणि स्टिक क्लिप टक वाजेपर्यंत दाबा. पुष्कळ मशीनं इथेच चालू होतात. नाही झालं तर एकच स्टिक एका स्लॉटला, मग तीच दुसऱ्या स्लॉटला, मग दुसरी स्टिक, असं आलटून पालटून बघा. सीआर२०३२ सेल पाचेक मिनिटं काढून परत लावा म्हणजे बायोसच्या (मशीन चालू होताना बोर्डावर पहिले चालणाऱ्या प्रोग्रामच्या) जुन्या सेटिंग उडतील.

यापुढे दोघांचा रस्ता वेगळा होतो. एच६१ वर रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरच्या आत आहे, म्हणून एक स्लॉट अजिबात चालत नसेल तर रॅमला शिव्या देण्याआधी प्रोसेसर काढून खालच्या सॉकेटच्या पिना टॉर्च मारून बघा, एखादी वाकलेली पिनसुद्धा तो पूर्ण चॅनल (प्रोसेसर ते रॅमचा रस्ता) बंद पाडते. कोणीतरी पेस्ट बदलताना वाकवलेली असू शकते. जी४१ वर कंट्रोलर बोर्डावरच्या चिपसेटमध्ये, त्यामुळे तिथे स्लॉट किंवा चिपसेट गेला असेल तर त्याची दुरुस्ती करण्यात अर्थ नाही.

आणि डिस्प्ले आला म्हणजे जमलं असंपण नाही. मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवरून रात्रभर चालू ठेवा, एक जरी लाल लाईन आली तरी ती स्टिक परत करा. लाईट जाण्याची भीती असेल तर विंडोजमध्ये एमडीशेड (mdsched) टाइप करून जी टेस्ट निघते ती तरी करा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की सकाळी चांगलं चालणारं मशीन दुपारी निळी स्क्रीन दाखवतं, तेव्हा टेस्ट दुपारचीच घ्या आणि फॅनसोबत एसएमपीएसवरही (मशीनला वीज देणाऱ्या डब्यावरही) संशय ठेवा.

जुनी २ जीबी ठेवून बाजूला ४ जीबी लावायची की दोन सारख्या स्टिक घ्यायच्या? चालतं दोन्ही. पण मिसळ केली की दोघींपैकी हळू असेल तिच्या स्पीडने सगळं चालतं, आणि प्रॉब्लेम आला तर कोणामुळे ते कळायला संध्याकाळ जाते. जोडीने घ्या, ऑनबोर्ड ग्राफिक्सलाही ड्युअल चॅनलचा (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरण्याचा) फायदा होतो.

एक फसगत नेहमीची. ८ जीबी टाकली आणि विंडोज दाखवतं ३.२५ जीबी वापरायला. रॅम खराब नाही, विंडोज ३२ बिट आहे, ती ४ जीबीच्या पुढे जातच नाही. फॉरमॅट मारून ६४ बिट टाकावी लागेल, पण त्याआधी जुना प्रिंटर, स्कॅनर, मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर ६४ बिटवर चालतं का ते बघून घ्या, नाहीतर रॅम मिळेल आणि प्रिंटर जाईल. ६४ बिट असूनही कमी दिसत असेल तर एमएसकॉन्फिगच्या (msconfig) बूट टॅबमध्ये ॲडव्हान्स्डला जाऊन मॅक्सिमम मेमरीची टिक काढा.

बरं, मुळात रॅम पाहिजे का? ॲडमिशनच्या दिवसात समोर गर्दी उभी असते, कोणी म्हणतं "भो, पावती कव्हय निंघी?" (कधी निघेल) आणि क्रोम गोल गोल फिरत बसतं, त्याच वेळी टास्क मॅनेजर उघडा. मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. मेमरी निम्मीच आणि डिस्क १०० टक्के असेल तर रॅमने काही फरक पडणार नाही, हार्डडिस्क काढा आणि साटा एसएसडी (हार्डडिस्कच्याच केबलला लागणारी, चिपांची वेगवान डिस्क) टाका. या दोन्ही बोर्डांचा साटा पोर्ट जुना ३ गिगाबिटवालाच आहे, एसएसडीचा पूर्ण स्पीड मिळत नाही, तरी चालू होण्यात आणि फाईल उघडण्यात जो फरक पडतो तो रॅमने कधीच पडत नाही. शिवाय एसएसडी उद्या नव्या मशीनला लावता येते, डीडीआर३ डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये बसतच नाही, तो पैसा जुन्या मशीनसोबतच जातो.

म्हणून माझं मत असं: एच६१ असेल तर ४ अधिक ४ आणि एसएसडी, बिनधास्त. जी४१ वर फक्त एसएसडी टाका, रॅम ओळखीतल्या कोणाच्या बंद मशीनमधून मिळाली तरच. आणि रॅम-एसएसडीचा मिळून खर्च रिफर्बिश्ड (तपासून, दुरुस्त करून परत विकलेल्या जुन्या) मशीनच्या निम्म्यावर जात असेल तर रिफर्बिश्डच घ्या. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे दोन्ही बोर्ड विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत, आणि ज्याच्याकडे लोकांची आधार, बँकेची कागदं येतात त्याने याचा विचार करायलाच पाहिजे. रिफर्बिश्ड घेताना इंटेलचा आठव्या जनरेशनच्या खालचा घेऊ नका, सहाव्या-सातव्याचा आय५ स्वस्त दिसतो पण ११ च्या यादीत तो नाही. कंपनीच्या छोट्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस वेगळ्याच आकाराचा असतो, गेला तर जळगावच्या गोलाणी मार्केटमध्येही शोधत फिरावं लागेल, तेवढं विचारून घ्या.

रॅमच घेणार असाल तर जुनी स्टिक सोबत न्या, बोर्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि "नाही चालली तर बदलून देऊ" हे बिलावर लिहून घ्या. लिहून देत नसेल तर पुढच्या दुकानात.