कॉक्लिअरच्या प्रोसेसरसाठी विजेवरची ड्रायर डबी: ठाण्याच्या पावसाळ्यात किती कामाची?

पावसापासून छत्री वाचवते, घामापासून काहीच नाही. ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत मुलाच्या केसांतून ओघळलेला घाम कॉक्लिअर इम्प्लांटच्या (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेल्या यंत्राच्या) कानामागच्या प्रोसेसरमध्ये, म्हणजे आवाज टिपणाऱ्या बाहेरच्या भागात, उतरतो आणि बॅटरीच्या टोकांवर हिरवट थर धरतो. माइकच्या बारीक छिद्रांत दमटपणा बसला की आवाज दबतो. सहसा आधी जातात ते ‘श’ आणि ‘स’. मग मूल लक्ष देत नाही म्हणून ओरडा खातं, नाहीतर आईवडील मॅपिंगला, म्हणजे प्रोसेसरच्या आवाजाची पातळी मुलाला जुळवून घ्यायला, धावतात. दबलेल्या माइकवर मॅप वाढवला आणि पुढे माइक मोकळा झाला, तर तोच मॅप मुलाला कर्कश लागतो. इम्प्लांटवर एवढा खर्च आणि थेरपीवर एवढी मेहनत झालेली असताना जून ते सप्टेंबर ही डबी घरात हवीच, असं आमचं स्पष्ट मत आहे.

डबीत कोमट हवा फिरते आणि तळाची वडी ओलावा शोषते. काही मॉडेलमध्ये अतिनील दिवा असतो. तो जंतूंसाठी आहे, त्याने मशीन सुकत नाही. केवळ त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

मोठी उणीव हिरव्या लाइटची. तो फक्त वीज चालू असल्याचं सांगतो. वडी संपली तरी ऐटीत जळत राहतो, आणि घरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे. अशा वड्या साधारण २ महिने टिकतात. बसवल्याची तारीख झाकणावरच लिहा.

रात्री प्रोसेसर, कॉइल (डोक्याला चुंबकाने चिकटणारी चकती) आणि वायर सुक्या सुती कापडाने पुसून आत ठेवा. ६७५ नंबरचे झिंक-एअर सेल मात्र बाहेर, मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे. सुक्या हवेत ते आतून वाळतात आणि लवकर संपतात. नव्या सेलचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मग बसवा.

डबी परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि केशरी सिलिका जेल चालेल. मणी हिरवे पडले की बदला. निळे मणी टाळा. त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकाच्या तव्यावर भाजणं धोक्याचं. तांदळाच्या डब्यात प्रोसेसर तर कधीच नको, त्याची पूड माइकमध्ये शिरते.

सकाळी मुलाच्या मागे उभं राहून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज रोज क्रम बदलून, मध्ये थांबत म्हणा आणि मुलाला ते परत म्हणायला सांगा. फक्त ‘श’ आणि ‘स’ चुकत असतील तर आधी माइक कव्हर बदला. मग सेल आणि वायर बदलून पाहा. तरीही चुकले, तर त्याच दिवशी ऑडिओलॉजिस्टना (श्रवणतज्ज्ञांना) फोन करा.