वॅगनआर सीएनजी: तालुक्याला परवडणारी, हायवेला जपून

गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा पुण्याचे मेव्हणे म्हणाले, “दाजी, आता वॅगनआर कोण घेतं? टाटाच्या एसयूव्ही बघा, पंच नाहीतर नेक्सॉन.” त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगपुरतं बरोबर आहे. 2018-19 मध्ये देशातल्या निम्म्याहून जास्त कार मारुतीच्या विकल्या जात होत्या; चारच वर्षांत हा वाटा 41 टक्क्यांच्या आसपास आला. गिऱ्हाईक एसयूव्हीकडं वळलं आणि मारुतीकडं तेव्हा त्या मोजक्याच होत्या.

मंगळवेढ्यात बसून मात्र वेगळं दिसतं. 2007-08 मध्ये मारुतीच्या शंभरातल्या दहा गाड्यासुद्धा खेड्यात जात नव्हत्या. 2021 पर्यंत चाळीसच्या घरात जायला लागल्या. शहर-खेड्याच्या या फरकाची चुणूक आमच्या सोलापूरला तर आधीच मिळाली होती: एप्रिल 2010 ला बीएस-4 (गाडीच्या धुराचा कडक नियम) लागू झालेल्या 13 शहरांत मुंबई-पुण्याच्या पंगतीला सोलापूरही होतं (मान मिळाला तो असा!). तिथं मारुती 800 ची विक्री बंद झाली. बाकी मुलखात ती 2014 पर्यंत तग धरून होती.

आता गाडीबद्दल. छत उंच, सीट उंच. नऊवारीतली आई कुणाचा हात न धरता बसते-उतरते, माझ्या लेखी अर्धा सौदा इथंच पटला. तालुक्याच्या कुठल्याही मेस्त्रीला हिचं बॉनेट पाठ आहे, पार्ट दुपारपर्यंत मिळतो. कंपनी किलोभर गॅसला 34.05 किलोमीटर सांगते. तो चाचणीतला आकडा, एसी लावून, पाच माणसं भरून तो मागू नका. सीएनजीवर दम कमी पडतो, उसाच्या डबल ट्रॉलीला ओव्हरटेक करायचं तर आधी गिअर उतरवा. टाकीनं डिकी खाल्लीय, ज्वारीचं पोतं मागच्या सीटवर.

खरी खोट सुरक्षेची. 2023 मध्ये ग्लोबल एनकॅपनं (गाड्या आदळून सुरक्षा तपासणारी संस्था) पाचपैकी मोठ्यांसाठी 1 तारा दिला, लेकरांसाठी शून्य, आणि सांगाडा अस्थिर ठरवला. आता सहा एअरबॅगा येतात, पण एअरबॅगेनं पत्रा जाड होत नाही. जीएसटी 28 वरून 18 टक्के झाल्यावर जे पैसे वाचतात, त्यातून आधी लेकरांची सीट घ्या. अलॉय व्हील नंतर.