दारू पिणाऱ्याच्या घरच्यांचा ग्रुप: सहा महिने जाऊन आले, सांगते

आधीच सांगते, ग्रुपचं नाव-पत्ता इथं टाकणार नाही, तिथला पहिला नियमच तो, की आत कोण दिसलं ते बाहेर बोलायचं नाही. आणि आपलं बेळगाव म्हणजे शहापुरात शिंकलं की वडगावात ऐकू जातंय.

दारू सोडू पाहणाऱ्यांचा एए (अल्कोहोलिक्स अनॉनिमस) ग्रुप बऱ्याच जणांना माहीत असतो, अमेरिकेत १९३५ ला सुरू झालेला. पण पिणाऱ्याच्या बायकोसाठी, आईसाठी, पोरांसाठी वेगळी मीटिंग असते, अल-अनॉन म्हणतात, ती पण १९५१ पासून आहे, हे मला चाळिशी उलटली तरी माहीत नव्हतं. आमचा ग्रुप त्याच धर्तीवरचा. फी नाही. शेवटी एक स्टीलचा डबा फिरतो, दहा-वीस टाका नाहीतर पुढं सरकवा, कोण बघत नाही.

आमच्या ह्यांची दारू म्हणजे चोर्ला घाटातनं येणारी गोव्याची स्वस्त बाटली. मी बाटलीवर बॉलपेननं रेघ मारून ठेवायचे, संध्याकाळी रेघेच्या किती खाली गेली ते बघायचे, कधी चिडून मोरीत ओतायचे, मग दुसरी यायची, म्हणजे पैसे दुप्पट. पहिल्या दिवशी जिन्यातनंच परत फिरणार होते, तर एक मावशी चप्पल काढत होत्या, म्हणाल्या, "ये की गे, आत कोण खात नाही तुला." माझी पाळी आल्यावर कसंबसं ते रेघेचं सांगितलं. पुढची पाळी खानापूरच्या आजींची, त्या म्हणाल्या, "माझं पेन लाल होतं." सगळ्या हसल्या, मी पण, किती महिन्यांनी काय माहीत.

तिथं सल्ला देत नाहीत हो, हे सगळ्यात भारी. सोडून दे त्याला, माहेरी जा, अमक्याचा अंगारा लाव, एक अक्षर नाही. दारू मी लावली नाही, मला ती थांबवता येत नाही, मला ती बरी करता येत नाही, एवढं तीनच परत परत ऐकवतात. पहिल्यांदा ऐकून राग आला होता, मग मी काय करायचं म्हणून.

तक्रारी पण आहेत. सातची मीटिंग सव्वासातशिवाय सुरू होत नाही. एक काका तीन मिनिटांची पंधरा करतात. चिकोडीकडची अक्का कन्नडमधनं बोलते, मला निम्मंच कळतं, शेजारीण कानात मराठी करून सांगेपर्यंत अक्का रडून, डोळे पुसून बसलेली असते. पाचपैकी चार स्टार, एक त्या काकांचा कापला.

आणि हे काय हॉस्पिटल नव्हे. मीटिंगवरनं जोशात घरी जाऊन कुणाची दारू एकदम तोडू नका, रोज भरपूर पिणाऱ्याला दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जिवावर बेतू शकतं, ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच. मारहाण असेल तर महिला हेल्पलाइन १८१ किंवा पोलिसांसाठी ११२ लावा. रात्रीबेरात्री मन फारच जड झालं तर टेलिमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे आणि चोवीस तास.

ह्यांची सुटली का विचाराल तर नाही. मागच्या मंगळवारी दारातच पडले होते. पूर्वी मी ओढून आत आणायचे, तोंड धुवायचे आणि सकाळी कामावर फोन करून ताप आलाय म्हणून सांगायचे. ह्या वेळी कुशीवर वळवलं, चादर टाकली आणि झोपले. सकाळी फोन त्यांचा त्यांनाच करायला लागला.