कोर्टाजवळचं झेरॉक्स-टायपिंग सेंटर: केससाठी चॅट छापायचं असेल तर इथेच जा

धाकट्या बहिणीच्या पोटगीच्या केससाठी दाजींचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि ईमेल हवे होते. सोलापूर कोर्टाजवळच्या या दुकानातले काका नुसत्या स्क्रीनशॉटवर काम करत नाहीत. "ताई, मूळ फोन आणा," म्हणाले. अख्खं चॅट एक्स्पोर्ट करून नंबर, तारीख, वेळ दिसेल असं छापलं, ईमेल हेडरसकट (कुणी, कुठून, कधी पाठवला ती तांत्रिक माहिती). बहिणीने रागात लिहिलेलेही मेसेज गाळू दिले नाहीत. मला हे फार पटलं, अर्धवट चॅटवर कोण विश्वास ठेवणार?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं प्रमाणपत्रही टाइप करून दिलं. त्यात हॅश व्हॅल्यू लागते, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे तपासता येईल असा फाइलवरून काढलेला अंक-अक्षरांचा कोड. भाग 'अ' बहिणीने भरला. भाग 'ब' तज्ज्ञाचा, तिथे काकांनी स्वतः सही करायला साफ नकार दिला आणि वकिलांकडे पाठवलं. असा प्रामाणिकपणा हवा! कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम १४ पुराव्याबाबत मोकळीक देतं, तरी आमच्या वकीलबाईंना कागद पक्केच हवे होते.

जागा अरुंद आहे, खासगी मेसेज शेजारचा वाचू शकतो. सकाळची गर्दी टाळून दुपारी जा. आणि फोन बदलू नका, चॅट डिलीट करू नका.