साधी सीबीटी की ध्यान-अध्यात्म जोडणारी थेरपी? मी दोन्हीकडे गेलोय

बाबा गेल्यावर साधारण चार महिन्यांनी मला रात्री अडीच-तीनला छातीत धडधडून जाग यायला लागली. ईसीजी, टूडी एको, थायरॉईड सगळं नॉर्मल, डॉक्टर म्हणाले पॅनिक आहे, काउन्सेलिंग घ्या. आता घ्या म्हणजे कुणाकडे, तर पुण्यात पर्याय ढीगभर आहेत आणि तिथेच माणूस अडकतो.

आधी गेलो सीबीटी-आरईबीटीवाल्यांकडे, म्हणजे चुकीचे विचार पकडून ते तपासायला आणि बदलायला शिकवणारी थेरपी. सात सेशन केली. पद्धत एकदम स्वच्छ, आरईबीटी सुरू करणाऱ्या अल्बर्ट एलिसच्या एबीसीप्रमाणे घटना, त्यामागचा विचार आणि परिणाम वहीत लिहायचे. तिसऱ्या आठवड्यात माझ्याच अक्षरात सापडलं, "मी पण बाबांसारखा झोपेतच जाणार". हे वाक्य आपण रोज मनात म्हणतोय याचा मला पत्ताच नव्हता, ते पकडून दिलं त्यांनीच, आणि त्यासाठी मी त्यांना कायम मानतो.

पण एक गोष्ट खटकली ती खटकलीच. आमच्याकडे दिवेलागणीला रामरक्षा म्हणतात, आईची सवय, बाबा गेल्यापासून मी रात्री झोपतानाही म्हणायला लागलो होतो. त्यांना सांगितलं तर म्हणाले हे 'सेफ्टी बिहेवियर' आहे, भीती टाळायचा मार्ग, आठवडाभर न म्हणता झोपून बघा. शास्त्राच्या हिशोबानं ते चूक असतील असं मी म्हणत नाही. जप केला नाही तर काहीतरी वाईट होईल अशी ओसीडीची सक्ती ज्याला आहे त्याला तर हेच सांगायला हवं. पण मला एका प्रश्नानंही न विचारता ते त्या खान्यात टाकलं गेलं, आणि पुढे दर वेळी तिथे बसलो की वाटायचं, चपलांबरोबर निम्मा मी पण दाराबाहेर काढून ठेवलाय.

मग एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून दुसऱ्या बाईंकडे गेलो, क्लिनिकल सायकॉलॉजीत एमफिल, आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन आहे आणि वर माइंडफुलनेसचं, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्याचं ट्रेनिंग. त्या म्हणाल्या, "म्हणून दाखवा ना". मी म्हटली, त्या डोळे मिटून ऐकत होत्या, आणि कवचाचा भाग आला तसं त्यांनी थांबवलं. डोकं, कपाळ, डोळे, कान, नाक, तोंड, जीभ, कंठ, खांदे, करत करत पार पायापर्यंत. म्हणाल्या, हा बॉडी स्कॅनच आहे की, म्हणजे एकेका अवयवाकडे लक्ष नेत जायचं ध्यान, फक्त वरून खाली. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सला माइंडफुलनेसचा जो कार्यक्रम सुरू केला त्यातला स्कॅन डाव्या पायाच्या बोटांपासून सुरू होतो, एवढाच फरक. मग एकेका अवयवापाशी थांबून, श्वास सोडत म्हणायला शिकवलं. इतकी वर्षं म्हणतोय पण कंठ म्हणताना माझा गळा किती आवळलेला असतो ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि तिथेच मी बाबांसाठी पहिल्यांदा नीट रडलो.

यात काही जादू नाहीये. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २३ जणांवरचा एक अभ्यास आला होता, रोझरी (ख्रिश्चनांची जपमाळेवरची प्रार्थना) किंवा 'ओम मणि पद्मे' हा मंत्र म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाच्या ठोक्यांची लय सुधारते. रात्री तीनला मला तेच हवं होतं, त्या वेळी वही उघडून विचाराला पुरावा मागणं मला तरी जमायचं नाही.

उणं इथेही आहेच. वेग कमी, आपण कुठवर आलो ते कळत नाही, वहीत निदान पानं भरलेली दिसतात. आणि या बाजूला वीकेंडचा हीलिंग कोर्स करून बोर्ड लावणारे खूप, त्यामुळे शिक्षण आणि आरसीआय नंबर बिनधास्त विचारा. गोळ्या बंद करा म्हणणारा किंवा पहिल्याच भेटीत मागच्या जन्मात शिरणारा भेटला तर उठून या. पॅनिक चालू असताना थेट इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिरात दहा दिवस मौनात जाऊन बसू नका, आधी थेरपिस्टशी बोला.

परीक्षेची भीती, इंटरव्ह्यू, ऑफिसमधली चिडचिड असं नेमकं काही असेल तर सीबीटी बहुतेक लवकर काम करेल. पण दुःख अंगात बसलं असेल आणि घरात देवापुढे दिवा लागत असेल, तर मी दुसरीकडे जाईन, मी अजून महिन्यातून एकदा जातोच. पहिल्या भेटीत, तुम्ही जे काही रोज म्हणता किंवा करता ते त्यांना सांगून टाका, आणि त्यावर त्यांचा पहिला प्रश्न काय येतो तो नीट ऐका.